पार्ट अजून आला नाही

९ जानेवारी

हट्टी बापाच्या हट्टी लेकास,

फोन तू उचलत नाहीस. नंबर बघून ठेवून देतोस, मला कळतं. पत्र मात्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून लिहितेय. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातही अर्धा वेळ मास्तरांच्या खुर्चीची गादी शिवण्यात गेला. तेव्हा चुका काढत बसू नकोस.

लाल गाडी पुन्हा शोरूममध्ये गेली आहे. तिचं नाव काढलं की तुझ्या कपाळाला आठी पडते, ती मला इथून दिसते. पडू दे. दोन दारं, दोन सीटा, आणि जमिनीला इतकी टेकलेली की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, अन् बाहेर यायचं तर वरून कुणीतरी दोर सोडावा. जन्मभर बस चालवली तुझ्या बापानं. रिटायर झाल्यावर लोक कुंड्यांत झाडं लावतात. हा म्हणाला, "मला अशी गाडी पाहिजे जिच्यात उभं राहायला जागाच नाही. मागून कुणी घंटी मारणार नाही." तिसऱ्या मालकाकडून घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. म्हाताऱ्यानं म्हातारी आणली आणि घरातल्या म्हातारीला विचारलं नाही.

आता तिचा पिवळा दिवा लागतो. इंजिनाचं चित्र असलेला. तो लागला की गाडी चढावर दम टाकते आणि मधेच गपकन बंद पडते. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, आत बघितलं, परत लावलं, हात पुसले. "काका, हिचं सगळं कॉम्प्युटरवर आहे. कंपनीकडे न्या." म्हणून शोरूम.

तिथलं काचेचं दार आपोआप उघडतं. वेळेवर होणारं तिथलं तेवढं एकच काम. आत गारठा, कॉफीचं मशीन, आणि मधोमध रिबीन बांधलेली नवी गाडी. सोफ्याची शिलाई उसवलेली. मी बोट घालून दाखवली तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "थँक्यू मॅडम." आमचं दुखणं ऐकायला एक माणूस असतो, त्याला मी टायवाला म्हणते. हातात पाटीएवढा टॅब, गळ्यात टाय, तोंडात साखर. आपण बोलायच्या आधीच मान डोलावतो.

पहिल्या खेपेला त्यांनी दिवा विझवून दिला. आजार नाही, दिवा. गाडी त्यांच्या फाटकाबाहेर पडली आणि दिवा लागला. दुसऱ्या खेपेला एक सेन्सर बदलला. तिसऱ्या खेपेला म्हणाले, तो सेन्सर बरा होता, दुसरा खराब आहे. दरवेळी गाडी धुऊन, पुसून, अत्तर मारून परत. पोट दुखतंय म्हणून गेलेल्या माणसाला आंघोळ घालून घरी पाठवावं, तसं. सीट कुणीतरी मागे सरकवलेली, रेडिओ भलत्याच स्टेशनवर. तुझा बाप सीट पुढे ओढत म्हणतो, "माझ्या गाडीत कोण उंच माणूस बसला होता?" जसं काही मीच कुणाला बसवला.

नंतर एका पोरीचा फोन येतो. "आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?" टायवाल्यानं आधीच हात जोडले होते, "मॅडम, दहाच सांगा. नऊ म्हणजे आमच्यात नापास." मी म्हटलं, "मुली, दोन लिही. एक दाराचा, एक कॉफीचा."

हे सगळं तुला का सांगतेय? कारण तो ह्या गाडीमागे एवढा का लागलाय ते मला ठाऊक आहे आणि तुलाही. लग्नाच्या नव्यात बायकोला घेऊन तू न विचारता गाडी नेलीस, खांबाला घासून आणलीस. तो सूनबाईसमोर म्हणाला, "ड्रायव्हर व्हायला वेळ आहे तुला, आधी क्लीनर हो." आणि तू उंबऱ्यात उभा राहून म्हणालास, "ह्याच गाडीतून तुम्ही स्वतः मला न्यायला याल, तेव्हाच ह्या घरात पाऊल ठेवीन." तो म्हणाला, "बघ वाट." आता तुझी पोरगी माझ्या खांद्याला लागायची वेळ आली. दोघांची अक्कल एकत्र केली तरी बसचं अर्धं तिकीट निघायचं नाही.

तो ठीक आहे. खातो, भांडतो.

आई

२ फेब्रुवारी

पत्रं वाचणाऱ्यास,

हो, कळलं मला. तुझ्या पोरीनं, भिंगरीनं सांगितलं. दर रविवारी ती मला फोन करते, तू अंघोळीला गेलास की. "आजी, बाबा पत्र वाचतो आणि ड्रॉवरमध्ये ठेवतो, टाकत नाही." तिला ओरडलास तर याद राख. घरात एकीला तरी तोंड उघडता येतं हे नशीब समज.

गाडीचं घोडं अजून पेंड खातंय. आता म्हणतात सेन्सर दोन्ही चांगले होते, इंजिनाचा मेंदूच गेलाय. तुझा बाप म्हणाला, "मग ते दोन सेन्सर परत काढा." टायवाला म्हणाला, "सर, लावलेला पार्ट काढता येत नाही." हा म्हणाला, "लावताना येतो, काढताना येत नाही? जावई आहे का तो?" सोफ्यावरची माणसं हसली. टायवालाही हसला, मग टॅबकडे बघून गंभीर झाला. हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय. मेंदू परदेशातून जहाजानं येणार. कधी येणार ते जहाजाला माहीत.

दुसरं म्हणजे, परत आलेली गाडी पुन्हा शोरूमला नेताना सिग्नलवर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी शेजारी होते. दिवा हिरवा झाला, मागचे सगळे हॉर्न वाजवतायत आणि हा स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेला, जसा शेवटच्या स्टॉपवर बसायचा तसा. मी दंडाला चिमटा काढला तेव्हा म्हणाला, "काय गं, ऊन किती आहे." ढग होते.

डॉक्टरकडे नेलं. विशेष काही नाही. हृदयातली एक झडप घट्ट झालीय, वयानुसार होतं म्हणाले. गाडी चालवायची नाही, एवढंच. मी बाहेर औषधाच्या चिठ्ठीसाठी थांबले तेवढ्यात तो आत डॉक्टरशी एकटा बोलून आला. "काय म्हणाले?" तर म्हणाला, "घाईचं काही नाही." डॉक्टर आणि टायवाला एका शाळेतले असावेत. दोघंही माणसाशी बोलताना स्क्रीनकडे बघतात.

तुला कळवायचं नाही असा मला दम आहे. म्हणून मी कळवत नाहीये, नुसतं लिहितेय.

आई

१५ मार्च

लेकास,

तू मे महिन्यात येणार म्हणे. भिंगरीनं बातमी फोडली. "बाबा म्हणाला बघू, पण त्यानं सुट्टी टाकलीय." मी ते तुझ्या बापाला सांगितलं तेव्हा तो दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. "कुठल्या विमानानं?" मी म्हटलं, "विमानाचा नंबर काय करायचाय, तुम्ही काय पंख धरणार आहात?"

दुसऱ्या दिवशी गायब. दुपारी परत आला. बसनं विमानतळावर जाऊन आला होता, गाडी कुठे लावायची ते बघायला. कुठल्या फाटकातून माणसं बाहेर येतात, कुठे उभं राहिलं की शिपाई शिट्टी मारतो, सगळं बघून आला. विमानतळाची बस त्याचाच जुना मार्ग, तरी म्हणतो, "बसमधून दिसतं ते वेगळं." मग जेवताना मला समजावत बसला. पोरगा माझ्याबरोबर पुढे. सूनबाई आणि भिंगरी टॅक्सीत, सामानासकट.

"आणि मी?"

"तू घरी. दार कोण उघडणार?"

"दोन सीटांच्या गाडीनं कुटुंब आणायला निघालात. मोठे शहाणे."

"त्याला एकट्यालाच आणायचंय," म्हणाला. "वाटेत बोलायचंय थोडं."

हे मी तुला सांगायला नको होतं. लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

गाडी अजून त्यांच्याकडेच आहे. पार्ट अजून आला नाही. तुझा बाप चिडतो, पण चिडून काय होणार? टायवाल्याचं तरी काय चुकतंय? जहाज त्याच्या बापाचं आहे का? मी एकदा त्याला बाजूला घेऊन दोन शब्द बोलले. काय बोलले ते तुला काय करायचंय? तसा वाईट नाही तो. गुण विचारणाऱ्या पोरीचा परवा पुन्हा फोन आला, मी आठ सांगितले. तुझा बाप पलीकडून ओरडला, "आठ? गाडी नाही, दिवा नाही, आणि आठ? डोकं ठिकाणावर आहे का?"

मी म्हटलं, कॉफी सुधारलीय.

आई

२१ एप्रिल

लेकास,

हे पत्र वाचून झालं की ड्रॉवर बंद करायच्या आधी एक काम कर. बापाला एक ओळ लिही. 'गाडी नको, मी टॅक्सीनं येतो.' एवढीच. सही नाही केलीस तरी चालेल, अक्षर ओळखेल तो.

कारण तो आता रोज उठून शोरूमला जातो. बूट घालतो, भांग पाडतो, बस पकडतो. कधी मी सोबत असते. परवा होते. त्यानं टायवाल्याची कॉलर धरायचीच बाकी ठेवली.

"पार्ट आला?"

"सर, पुढच्या आठवड्यात नक्की."

"मागच्या आठवड्यात हेच म्हणाला होतास."

"सर, कस्टममध्ये अडकलाय."

"पोरा, मी बस चालवली आहे. गाडी लेट असली की आम्ही लेट सांगायचो. 'आत्ता येईल, आत्ता येईल' म्हणून माणसांना स्टॉपवर ताटकळत ठेवत नव्हतो. मला नेमकं सांग."

टायवाला माझ्याकडे बघायला लागला. मी कॉफीच्या मशीनकडे बघायला लागले. मग तो म्हणाला, "सर, पुढच्या आठवड्यात." तुझा बाप खुर्चीवर बसला. एकदम बसला. तिथल्या पोरीनं पाणी आणलं. ओठ सोफ्याच्या गादीसारखे पांढुरके झालेले. मी म्हटलं, चला घरी, तर म्हणाला, "आज गाडी घेऊनच जातो." आलो आम्ही बसनंच.

घरी अधूनमधून त्याला कुणाचा तरी फोन येतो. तो आत जाऊन घेतो आणि तेच बोलतो, "पुढच्या आठवड्यात. हो, नक्की. पुढच्या आठवड्यात." मी विचारलं कोण, तर म्हणे विमावाले. त्या टायवाल्याचीच भाषा बोलायला लागलाय.

गाडी चालवायला त्याला डॉक्टरनं मनाई केली आहे, हे तुला ठाऊक आहे. मी लिहिलं होतं. तू तोंडातून काढलेल्या एका वाक्यासाठी तो स्टिअरिंगवर बसणार आहे. ते वाक्य तेवढं परत घे. लावलेला पार्ट काढता येत नाही असं टायवाला म्हणतो. तुझं तसं नसावं.

आई

९ मे

लेकास,

तू गेल्यावर घर आवरलं. तू ज्या खोलीत झोपलास तिथली चादर अजून काढलेली नाही. आळस, दुसरं काही नाही.

तुला फोनवर शेजारणीनं सांगितलं, ती अर्धवट सांगते. म्हणून लिहून ठेवते. सकाळी तो बूट घालत होता. शोरूमला निघाला होता. एक बूट घातला, दुसऱ्याची नाडी बांधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आता किती वेळ नाडी बांधताय?" ते माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं; दवाखान्यात नेलं तोवर तो गेला होता. दुसरं चांगलं काही सुचेल असं वाटून आठवत बसते, पण झालं ते तेच.

तू आलास. टॅक्सीनं. दारात थांबलास क्षणभर, मी बघितलं. मग आत आलास.

दवाखान्याचे कागद आणायला गेलो तेव्हा कॉरिडॉरमध्ये डॉक्टर आपल्या दोघांशी बोलले ते तुला आठवतं, मलाही. "मी त्यांना पहिल्याच भेटीत ऑपरेशन सांगितलं होतं. झडप बदलायची होती, टाळण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, गाडी वर्कशॉपमधून आली की मुलाला लगेच बोलावून घेतो, त्याला विमानतळावरून आणला की दुसऱ्या दिवशी भरती होतो. आम्ही दर आठवड्याला फोन करत होतो. ते म्हणायचे, गाडी पुढच्या आठवड्यात येतेय."

विमावाले नव्हते ते.

तू भिंतीवर मूठ मारलीस. मग तडक शोरूमला गेलास, मी मागून आले. तू टायवाल्याला सगळ्यांसमोर म्हणालास, "तुमच्या एका पार्टनं माझा बाप मेला." तो टॅब छातीशी धरून उभा राहिला. मी रिबीनवाल्या गाडीशेजारी उभी होते.

जाताना तू म्हणालास, ह्यांना कोर्टात खेचतो. रागात आहेस, समजतं. पण करू नकोस. जाऊ दे. कारण विचारू नकोस. बैल गेला आणि झोपा केला, काय उपयोग?

भिंगरीला सांग, तिनं विसरलेला फणी-कंगवा मी ठेवलाय.

आई

४ जून

लेकास,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस.

तू माझं ऐकलं नाहीस. वकिलाकडून कंपनीला पत्र गेलं, 'मुद्दाम दिरंगाई' असं लिहिलंस म्हणे. ते कसं कळलं मला? काल दुपारी बेल वाजली. दारात एक माणूस, हातात कापडी पिशवी. मी ओळखलाच नाही. गळा उघडा होता. टाय नसला की त्याची मान किती बारीक आहे ते दिसतं.

"आजी, सरांचं सामान गाडीत राहिलं होतं." आधी मॅडम म्हणायचा, काल आजी म्हणाला. पिशवीत तुझ्या बापाचा चष्मा, मी शिवलेली कमरेची उशी आणि विमानतळाच्या पार्किंगचा छापील नकाशा. त्यावर पेननं एक फुली.

मी म्हटलं, "तू का आलास? पोऱ्याला पाठवायचं."

"मला काढलं आजी. साहेब म्हणाले, कंपनीवर केस आली, कुणालातरी जावं लागेल. त्या गाडीचं काम माझ्या नावावर होतं."

"मग तू त्यांना खरं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगू नको म्हणाला होतात."

आता ऐक, काय म्हणाले होते ते.

सिग्नलवर त्याला अंधारी आली त्याच आठवड्यात मी एकटी शोरूमला गेले. तुझा बाप डॉक्टरला "नाही चालवणार" म्हणून आला होता आणि त्याच संध्याकाळी मला विचारत होता, गाडीची घरातली दुसरी किल्ली कुठल्या खुंटीला लावलीस. त्याला मी ओळखते. बसमध्ये ताप अंगात घेऊन डबल ड्यूटी करणारा माणूस. गाडी दारात आली की तो बसणार, आणि एखाद्या दिवशी कुठल्यातरी चढावर त्याला ऊन लागणार. मी टायवाल्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, ही गाडी दुरुस्त झाली तरी द्यायची नाही. पार्ट आला नाही म्हणायचं.

तो घाबरला. "मॅडम, असं कसं खोटं सांगायचं?"

मी म्हटलं, "आजवर काय खरं सांगत होतास?"

त्यावर हसला तो. मग म्हणाला, "पण सरांनी ओरडाआरडा केला तर?"

"खा ओरडा. त्याच्या हातून कुणाचं पोर गाडीखाली आलं तर ते सोसण्यापेक्षा बरं. आणि मी सांगितलं हे कुणाला बोलायचं नाही. पोटच्या पोरालाही नाही."

तो शब्दाला जागला. मी इतके दिवस त्याच्या टायला हसत होते.

पार्ट मार्च लागताना आला होता. बसवला. दिवा गेला. त्यांनी पहिल्यांदा काहीतरी नीट केलं, आणि नेमकं तेच मी लपवायला लावलं. मागच्या शेडमध्ये गाडी कापड टाकून उभी होती. तुझा बाप पुढे कॉलर धरायला निघाला होता तेव्हा त्याची गाडी भिंतीपलीकडे होती, चालू, धुतलेली. टायवाल्याचे साहेब त्याला जागा अडवली म्हणून झापायचे, तेही त्यानं खाल्लं.

मला वाटत होतं, मे महिना येईल, तू येशील, टॅक्सीनं येशील. दोघं समोरासमोर आलात की गाडीचं कौतुक संपेल. मग एखाद्या दिवशी पार्ट आणायचा. एवढा साधा हिशोब होता. तो डॉक्टरशी काय ठरवून आलाय ते मला माहीत नव्हतं. त्यानं मला सांगितलं नाही, मी त्याला सांगितलं नाही. तो म्हणत होता, आधी गाडी, मग पोरगा, मग झडप. मी गाडीच अडवून धरली. त्याचा तो 'पुढचा आठवडा' दर आठवड्याला मीच पुढे ढकलत होते. त्याला मरू द्यायचं नव्हतं म्हणून केलं आणि मारूनच मोकळी झाले.

डॉक्टर कॉरिडॉरमध्ये बोलले तेव्हा मला तिथेच सगळं कळलं. तू भिंतीवर मूठ मारलीस, ती मला मारायची होती. मी बोलले नाही. शोरूममध्ये तू त्या माणसाला बोललास, तेव्हाही बोलले नाही. तुला वाटलं असेल आई धक्क्यात आहे. धक्क्यात नव्हते. घाबरले होते. वाटलं, आत्ताच घरात आलाय, पुन्हा उंबऱ्यातून परत जाईल.

आता गेलास तरी माझ्यानं काही बोलवत नाही. पण त्या माणसाची नोकरी घेऊन जाऊ नकोस.

आज सकाळी मी शोरूमच्या साहेबांकडे गेले. सांगितलं, त्याचा काही दोष नाही, मी करायला लावलं. साहेब भला माणूस दिसला, माझ्याकडे स्क्रीन सोडून बघितलं त्यानं. म्हणाला, "आजी, मला पटतंय. पण तक्रार तुमच्या मुलाच्या नावानं आहे. त्यांनी मागे घेतल्याशिवाय माझा हात चालत नाही." तेव्हा लिही. तुझ्या वकिलाला लिही, कंपनीला लिही. 'दोष माझ्या आईचा आहे' असं सरळ लिही, मला चालेल. एप्रिलमध्ये तुझ्याकडे एक ओळ मागितली होती, ती आली नाही. त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ. माझं मी लिहिलंय. ही ओळ मात्र चुकवू नकोस.

मी तिथून निघतेय तोच गुण विचारणाऱ्या पोरीचा फोन. गाडी 'डिलिव्हर' झाल्याची नोंद झाली होती म्हणे. "मॅडम, आमच्या सेवेला दहापैकी किती?"

"दहा," मी म्हटलं.

ती गोंधळली. माझे आधीचे गुण तिच्यासमोर असणार. "मॅडम, काही सूचना?"

"आहे. म्हाताऱ्या बायकांचं ऐकत जाऊ नका म्हणावं."

गाडी आता दारात उभी आहे. टायवाल्यानंच आणून लावली, नोकरी नसताना. बाहेर येताना सीट पुढे सरकवून ठेवली त्यानं, तुझ्या बापाला लागायची तेवढी. मी विचारलं नव्हतं. किल्ली खुंटीवर आहे. पिवळा दिवा लागत नाही.

पण मला चालवता येत नाही, आणि ह्या गाडीतून तुला न्यायला येणारा आता नाही. तुझी अट पुरी करणारं आता कुणी राहिलेलं नाही. यायचं असेल तर विमानतळाची बस आपल्या कोपऱ्यावर थांबते. बसायला जागा मिळेलच असं नाही. उभ्यानं ये.

दार मी उघडेन.

आई